युनिटला कळू न देता नवऱ्याची दारू सोडवता येईल का?

गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. यजमान नौदलात पेटी ऑफिसर. सेवा 13 वर्षं झाली, 15 पूर्ण झाली की पेन्शन. गेली दोनेक वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. अलीकडे सकाळी हात थरथरतात आणि एक घोट पोटात गेला की थांबतात. ड्युटीवर दोनदा उशीर झाला. सासरे लष्करातून निवृत्त, ते म्हणतात, फौजेत सगळेच घेतात, वय वाढलं की कमी होईल. शेजारणीने चहात मिसळायच्या पुडीचा पत्ता दिला आहे. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: कुणालाही न कळता दारू सुटेल का, आणि कळलं तर नोकरी नि पेन्शन जाईल का.

ताई, सकाळचे हात थरथरायला लागले की गोष्ट फार दिवस झाकून राहत नाही. युनिटला ती कळणार, असं धरूनच चला. सिक बेमधल्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातल्या, डॉक्टरकडून कळते की गेटवर तोंडाला वास आला म्हणून नेव्हल पोलिसांच्या रिपोर्टमधून कळते, एवढंच अजून तुमच्या दोघांच्या हातात आहे. आजारी म्हणून स्वतः गेलेला माणूस आणि गुन्हा म्हणून पकडलेला माणूस, दोघांचं शरीर सारखंच असतं, पण पुढचे कागद वेगळे होतात. पेन्शनचा प्रश्न तिथेच ठरतो.

पुढे काय होईल याची हमी मला देता येणार नाही. यजमान कोणत्या कामावर आहेत, विमानांच्या देखभालीत, शस्त्रांजवळ, बोटीवर की कार्यालयात, आधी दारूवरून शिक्षेची नोंद आहे का, लिव्हर किती बिघडलंय, डिव्हिजनल ऑफिसर, म्हणजे त्यांच्या तुकडीवरचे अधिकारी, कसे आहेत, या सगळ्यावर ते अवलंबून आहे.

आधी ती पुडी. घरात आली असेल तर चहात टाकू नका. अशा पुडीत बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं किंवा काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, डॉक्टर ते देतातही, पण रुग्णाला सांगून, लिव्हर आणि हृदय तपासून, आणि शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास गेल्यावरच. ते अंगात असताना माणूस प्यायला की दहा मिनिटं ते अर्ध्या तासात चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो, आणि अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधानेही तो होऊ शकतो. यजमानांना माहीतच नसेल तर ते हॉस्पिटलात सांगणार काय आणि तिथला डॉक्टर ओळखणार कसा? शिवाय हे नंतर उघडं पडलं की घरचा चहासुद्धा त्यांना संशयाने प्यावा लागतो, आणि पुढे खरं औषध द्यायची वेळ येते तेव्हा ते तुमच्या हातून घेत नाहीत.

दुसरा मोह बाटल्या मोरीत ओतायचा, किंवा 'आजपासून बंद' अशी शपथ घालायचा. तुमच्या घरी तो त्याहून धोक्याचा आहे. क्वार्टर म्हणजे 180 मिली, 42.8 टक्के दारू, अंदाजे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, 30 मिलीचे सहा पेग. रोज एवढं किंवा जास्त पिणाऱ्याचा मेंदू दारूवर बेतून चाललेला असतो. ती अचानक तोडली की सहा-आठ तासांत घाम, थरथर, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: वेळ-जागा कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, अंगावर धावून जातात. हा भ्रम जीवघेणा असतो. 'दारू सोडली आणि वेडा झाला' असं गावात ज्याला म्हणतात, ते बहुतेक हेच असतं.

म्हणून सकाळची थरथर असलेल्या माणसाने दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची. पहिले सात ते दहा दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी गोळी ठराविक मात्रेत सुरू करतात आणि रोज कमी करत नेतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. मेडिकलमधून आणून घरी हे करू नका. दारूवर ती गोळी घेतली तर श्वास मंदावतो, आणि सांभाळलं नाही तर गोळीचीच सवय लागते. यासोबत थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक घटक, इंजेक्शनने देतात. एक गोष्ट लिहून ठेवा: दारूमुळे अशक्त झालेल्या माणसाला कुठल्याही दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावत असतील तर 'आधी थायमिन दिलंत का' हे विचारा. थायमिनशिवाय ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊन तोल आणि स्मरणशक्ती जाऊ शकते. ही चूक टाळायला एक इंजेक्शन पुरतं, आणि तरीही ती होते.

फिट आली, भ्रम झाला, रक्ताची उलटी झाली किंवा जीव द्यायची भाषा सुरू झाली, तर गुप्ततेचा विचार तिथेच सोडा. 108 ला फोन करा. जवळ चिखलीचं उपजिल्हा रुग्णालय आहे, वास्कोत नौदलाचं आयएनएचएस जीवंती आहे; त्या क्षणी जे जवळ ते बरोबर.

आता नोकरीचं. नौदलात रीतसर वाट अशी: यजमान सिक बेमध्ये रिपोर्ट करतात आणि मेडिकल ऑफिसरला खरं सांगतात. तिथून जीवंती, आणि मानसोपचाराच्या पुढच्या उपचारासाठी गरजेप्रमाणे मुंबईला कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीसारखं मोठं हॉस्पिटल. आधी विषारी अंश उतरवतात, मग काही आठवडे समुपदेशन आणि गटचर्चा. याच सुमारास युनिटकडून एएफएमएसएफ-10 नावाचा फॉर्म मागवला जातो. माणूस कामावर कसा आहे, वागणं कसं, दारूमुळे काय घडलं, हे त्यात कमांडिंग ऑफिसरच्या सहीने लिहिलं जातं. नावाने घाबरवणारा कागद आहे, पण त्यात स्वतःहून उपचाराला आल्याचं आणि आधीच्या चांगल्या कामाचंही लिहिता येतं. स्वतः आलेल्याचा फॉर्म आणि शिस्तभंगाच्या तिसऱ्या चार्जनंतर पाठवलेल्याचा फॉर्म, वाचणाऱ्या डॉक्टरला दोन माणसं वेगळी दिसतात.

उपचारानंतर सहसा लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे खालचा वैद्यकीय दर्जा, मिळते आणि ठराविक महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. त्या काळात शस्त्रं, एकट्याची वॉच, बोटीवरचं पोस्टिंग यावर बंधनं येतात, बढती किंवा कोर्स पुढे ढकलला जाऊ शकतो, दारू पूर्ण वर्ज्य असते. हे नुकसान खरं आहे आणि ते यजमानांपासून लपवू नका. पण कॅटेगरी कमी होणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे. तपासणीत माणूस कोरडा, म्हणजे दारूशिवाय, राहिला, लिव्हरच्या चाचण्या आणि युनिटचा अहवाल ठीक आला, तर ती पुन्हा वर नेता येते. पुन्हा पुन्हा घसरला तर मात्र मेडिकल बोर्ड सेवेतून मुक्त करू शकतो.

सगळ्यात वाईट झालं तरी दोन शक्यतांत फरक आहे, आणि तुमच्या यजमानांच्या 13 वर्षांमुळे तो मोठा आहे. 10 वर्षं किंवा अधिक पात्र सेवेनंतर वैद्यकीय कारणाने घरी पाठवलं तर इनव्हॅलिड पेन्शनची तरतूद आहे. नौदल कायदा 1957 मध्ये दारूच्या नशेत असणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यातून आणि गैरहजेरीतून वाढत जाऊन बडतर्फी झाली तर पेन्शनचा हक्क सहसा राहत नाही. एक कटू गोष्टही सांगून ठेवतो: दारूच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वाला डिसॅबिलिटी पेन्शनच्या नियमांत जागा नाही, त्यामुळे 'नंतर क्लेम करू' हा सल्ला कुणी दिला तर त्यावर विसंबू नका.

बाहेर खाजगीत उपचार घेण्याचं काय? बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था, म्हणजे आपली आयपीएचबी आहे. तिथे व्यसनमुक्तीचे उपचार होतात, अनुभवी डॉक्टर आहेत. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे येणारी मानसिक स्थिती धरलेली आहे, आणि त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायचं बंधन घातलं आहे. आयपीएचबी आपणहून युनिटला पत्र लिहिणार नाही. अडचण वेगळीच येते. भरती व्हायचं तर रजा लागते, रजेचं कारण लागतं, गोळ्यांची गुंगी ड्युटीवर दिसते, आणि मध्येच फिट आली तर सगळं एकदम, वाईट पद्धतीने बाहेर येतं. शिवाय सेवेतल्या माणसाने सेवेच्याच हॉस्पिटलात जावं अशी अपेक्षा असते. थरथर नसलेल्या, अजून सवयीच्या अलीकडे असलेल्या माणसाला मी बाहेरचं समुपदेशन आनंदाने सुचवतो. तुमच्या यजमानांना नाही.

अशा समुपदेशनाचा उपयोग गोव्यातच तपासला गेला आहे. पर्वरीच्या संगाथ संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूसाठीचं छोटं समुपदेशन करून पाहिलं, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून. निष्कर्ष 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले: तीन महिन्यांनी धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले पुरुष समुपदेशन घेणाऱ्यांत 36 टक्के होते, न घेणाऱ्यांत 26 टक्के. पण त्यात ऑडिट या पिण्याचा धोका मोजणाऱ्या प्रश्नावलीत 12 ते 19 गुण मिळालेले पुरुषच घेतले होते. 20 किंवा जास्त म्हणजे अवलंबित्व असू शकतं, त्यांना वेगळ्या उपचाराची गरज लागते. ऑडिटचे दहाच प्रश्न आहेत, 40 पैकी गुण. यजमान शांत असतील तेव्हा त्यांनी स्वतः भरावी. तुम्ही त्यांच्यासाठी भरून निकाल हातात ठेवू नका.

आणखी एक इशारा. घरून माणूस 'उचलून नेणारी' व्यसनमुक्ती केंद्रं गोव्यातही आहेत आणि सिंधुदुर्ग-बेळगावकडेही. सेवेतल्या माणसाला तीन महिने कुलूप लावून ठेवलं तर ती युनिटच्या लेखी विनापरवाना गैरहजेरी होते. एका सहीने आजाराचा गुन्हा होतो. निवृत्तांसाठीसुद्धा केंद्राला तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणी आहे का, रात्री डॉक्टर असतो का, घरच्यांना रुग्णाशी बोलू देतात का. एकाचंही उत्तर टाळलं तर परत फिरा.

यजमानांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळं त्यावरच अडतं. सकाळी बोला, थरथर ओसरल्यावर, मुलं शाळेत गेल्यावर. पगाराच्या दिवशी नको, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी नको. 'तुम्ही बेवडे झालात' असं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि तारखेसह: 'सोमवारी कप धरताना हात हलत होते, दोनदा उशीर झाला, मला भीती वाटते.' मग एकच मागणी: 'गुरुवारी सिक बेला जाऊया, मी गेटपर्यंत येते.' पेन्शनचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. फौजी माणसाला नियमाची भाषा लवकर पटते. सासऱ्यांना या बोलण्यात आणू नका. त्यांच्या काळात रम रेशनसारखी मिळायची आणि थंडीत पोस्टवर तिचा आधार वाटायचा, ते त्यांचं खरं आहे, पण त्या आठवणीने आज त्यांच्या मुलाची थरथर थांबणार नाही.

नाही म्हणाले तर? बहुतेक जण पहिल्यांदा नाहीच म्हणतात. तुम्ही थांबू नका. त्यांच्यासाठी खोटं बोलणं बंद करा: 'पोट बिघडलंय' असा फोन युनिटला करू नका, उलटी पुसून सकाळी काही झालंच नाही असं दाखवू नका. न पिलेल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसा, जेवा, फिरायला जा. प्यायले की भांडण न करता बाजूला व्हा. कुटुंबाच्या वागण्यातला हा बदल माणसाला उपचारापर्यंत आणतो, ओरडण्याहून कितीतरी अधिक. पुढची पायरी डिव्हिजनल ऑफिसर. नाविकाच्या घरच्या अडचणींकडे लक्ष देणं हे नौदलाच्या पद्धतीत त्यांचं काम आहे. पण रात्री अकराला रडत फोन करू नका. दिवसा वेळ मागून भेटा आणि एकच वाक्य ठाम सांगा: 'ते आजारी आहेत, त्यांना मेडिकलला पाठवा.' तक्रार म्हणून बोललात तर ती तक्रार म्हणूनच नोंदली जाईल. नौदलातल्या महिलांची वेलफेअर अँड वेलनेस असोसिएशनही आहे. तिथे अधिकाऱ्यांच्या पत्नी असतात म्हणून नाविकांच्या घरच्यांना संकोच वाटतो, तो मी समजू शकतो. तो वाटत असेल तर आधी खालचा फोन करा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. चोवीस तास, मोफत, मराठी नि कोकणीत बोलता येतं. सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 पासून सुरू आहे, तिथल्या लोकांना कॅटेगरी, सिक रिपोर्ट हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. व्यसनासाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तुम्ही स्वतःही जीवंतीच्या ओपीडीत जाऊ शकता, अवलंबित म्हणून तुमचा तो हक्क आहे, आणि तुमची झोप नि घाबरगुंडी हीसुद्धा उपचाराची बाब आहे. हात उगारला जात असेल तर 112 किंवा महिलांसाठी 181. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फौजीच्या बायकोलाही तितकाच लागू आहे. दारू सुटेपर्यंत मार खाणं हा उपचाराचा भाग नाही.

समजा ते गेले आणि कोरडे होऊन परत आले. घसरण सर्वाधिक पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि गोव्यात ती कुठे होते हे ठरलेलं आहे: शिगमो, लग्नं, मार्च ते मेमधला हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा, मोसम, आणि फौजी कॅन्टीन. हुर्राक हलका म्हणून चालतो असं कुणी म्हणेल. 15 टक्क्यांच्या आसपासची ती दारूच आहे, दोन मोठे ग्लास क्वार्टरच्या जवळ नेतात. कॅन्टीनच्या कार्डावरची दारू घेतलीच पाहिजे असा नियम नाही. गावाकडचे मामा, मेव्हणे 'येताना एक रम आण' म्हणतात तेव्हा नाही म्हणायचं काम तुमचं आणि सासूबाईंचं, यजमानांचं नाही. बाटली दुसऱ्यासाठी असली तरी ती उचलायला त्यांनाच काउंटरवर उभं राहावं लागतं.

डॉक्टर पुढे तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन 50 मिलिग्रॅम रोज, किंवा अकॅम्प्रोसेट 333 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा देऊ शकतात. नाल्ट्रेक्सोन सुरू करण्याआधी पाठ-गुडघेदुखीची कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरना नक्की दाखवा. ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी अफूच्या गटातली वेदनाशामकं चालू असताना नाल्ट्रेक्सोन दिलं तर माणूस अक्षरशः तळमळतो. कंबरदुखी फौजेत घरोघरी आहे, आणि ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. दारू सोडून त्यावर सरकलेली माणसंही आमच्याकडे येतात. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या बैठका गोव्यात होतात, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. पहिल्या बैठकीत काही बोलावं लागत नाही, नुसतं बसलं तरी चालतं.

हे वाचणाऱ्या पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या निवृत्तांच्या घरांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे कॅटेगरीची भीती नाही, म्हणून उशीर करायला कारणही नाही. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन संलग्न हॉस्पिटलात जाता येतं. तातडीच्या वेळी रेफरलची वाट पाहू नका. संलग्न नसलेल्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिलाचा वाद होतो. सिक्युरिटीच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक घरात असेल तर उपचार सुरू व्हायच्या आधी ती रीतसर जमा करा. पहिल्या आठवड्यातली निद्रानाशाची रात्र आणि हाताशी बंदूक, हे एकत्र येऊ देऊ नका.

ताई, सिक बेला जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती नि कोणती दारू, शेवटचा घोट कधी, सकाळी थरथर किती दिवसांपासून, कधी फिट आली होती का, चालू गोळ्यांची नावं, रक्तदाब-साखर-कावीळ. यजमान डॉक्टरसमोर क्वार्टरचे दोन पेग सांगतील. तुमच्या कागदावर खरा आकडा असेल तर पहिल्या दिवशीची औषधाची मात्रा बरोबर ठरेल.